पत्त्याची बरोबरी आणि सिग्नेचरची बरोबरी

रविवार, रात्री

सी भाषेत दोन फंक्शन पॉइंटर, म्हणजे फंक्शनचा पत्ता धरून ठेवणारी मूल्ये, समान आहेत का हे प्रोग्राम चालू असताना तपासता येते, आणि भाषेच्या अधिकृत मानकाप्रमाणे दोन्ही एकाच फंक्शनकडे निर्देश करत असतील (किंवा दोन्ही रिकामे असतील) तरच उत्तर होकारार्थी येते. त्यांची सिग्नेचर, म्हणजे पॅरामीटरांची संख्या व प्रकार आणि परत येणाऱ्या मूल्याचा प्रकार, एकच आहे का, हे मात्र चालू प्रोग्रामला विचारताच येत नाही. ते कंपाइलरने आधीच पाहिलेले असते आणि यंत्रभाषेत शेवटी उरतो तो नुसता पत्ता. हे दोन प्रश्न किती वेगळे आहेत, हे आज पायथन वेबअसेम्ब्लीवर, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या यंत्रभाषेसारख्या स्वरूपावर, कसे आणले गेले ते वाचताना फार स्पष्टपणे जाणवले.

पायथनसाठी सीमध्ये लिहिलेले फंक्शन सहसा दोन पॅरामीटर घेईल, असा संकेत आहे. ज्या मेथडला स्वतःचे काहीच आर्ग्युमेंट नसते, तिलाही दुसऱ्या जागी रिकामा पॉइंटर दिला जातो. अनेकांनी अशी फंक्शने एकच पॅरामीटर ठेवून लिहिली आणि पॉइंटर कास्ट करून, म्हणजे त्याचा प्रकार जबरदस्तीने बदलून, कंपाइलरची तक्रार मिटवली. मानकाच्या दृष्टीने अशा कॉलचे वर्तन अनिश्चित असते. तरीही नेहमीच्या ६४ बिटी इंटेल यंत्रावर तो बिनबोभाट चालतो, कारण दुसरे आर्ग्युमेंट प्रोसेसरच्या एका रजिस्टरमध्ये येऊन पडते आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

वेबअसेम्ब्लीत फंक्शन पॉइंटर म्हणजे एका तक्त्यातील क्रमांक असतो, तिथल्या प्रत्येक फंक्शनसोबत त्याचा प्रकारही असतो, आणि प्रत्येक अप्रत्यक्ष, म्हणजे पॉइंटरमार्फत होणाऱ्या, कॉलच्या वेळी अपेक्षित सिग्नेचर तपासली जाऊन ती जुळली नाही तर प्रोग्राम तिथल्या तिथे थांबवला जातो. म्हणूनच पायथनला असे कॉल जावास्क्रिप्टमधून वळवून न्यावे लागले, कारण एखादे आर्ग्युमेंट जास्त आले तरी जावास्क्रिप्ट अडवत नाही. मला वेबअसेम्ब्लीचा हा कडकपणा मनापासून पटतो. कास्टमुळे कंपाइलर गप्प होतो, सिग्नेचर बदलत नाही.

पत्त्यावर तरी विसंबावे, तर तेही निर्धोक नाही. मायक्रोसॉफ्टच्या लिंकरला, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडून प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाला, तशी सूचना दिली, की यंत्रभाषेत हुबेहूब उतरलेली फंक्शने तो एकत्र करतो. मग सिग्नेचर वेगळी असलेल्या, पण केवळ शून्य परत करणाऱ्या दोन फंक्शनांचा पत्ता एकच होऊ शकतो आणि मानकाने दिलेली हमी मोडते. इतर काही लिंकरांमध्ये ज्यांचा पत्ता वापरला गेला असण्याची शक्यता आहे अशी फंक्शने वगळण्याचा सुरक्षित पर्याय आहे, आणि माझ्या मते तोच निवडावा. गो भाषेने तर फंक्शनांची आपसांतील तुलनाच नाकारली आहे, तिथे फक्त निलशी, म्हणजे रिकाम्या मूल्याशी, तुलना करता येते.

उद्या आमच्या जुन्या सी कोडमधील क्यूसॉर्टला, म्हणजे क्रम लावणाऱ्या फंक्शनला, दिलेली तुलना फंक्शने पाहायला घेईन. त्यांचे दोन्ही पॅरामीटर कॉन्स्ट व्हॉइड पॉइंटर, म्हणजे कोणत्याही प्रकारच्या डेटाकडे केवळ वाचण्यासाठी निर्देश करणारे, असावेत आणि प्रकार बदलायचा तो फंक्शनच्या आत बदलावा, कॉलच्या जागी कास्ट करून नव्हे.