सातारा, घाट आणि कंदी पेढे

लग्नाचा वाढदिवस आणि सातारा हिल हाफ मॅरेथॉन एकाच वीकेंडला आले, म्हणून नवऱ्याने दोन्ही एकत्रच उरकले. (रोमँटिकपणाची हद्दच!)

शनिवारी दुपारी पुण्याहून निघालो. बिब (शर्टवर लावायचे धावपटूचे नंबर) घेतले. संध्याकाळी राजवाड्याजवळ भेळेच्या गाड्या बोलावत होत्या, पण "उद्या पळायचंय" म्हणून साधा वरणभात खाऊन नऊलाच लॉजवर येऊन गुडूप.

आता खरं सांगते. एकवीस किलोमीटरचं काही वाटत नाही, यवतेश्वरचा घाट वाटतो. शहर मागे पडलं की रस्ता कासच्या दिशेने नुसता चढतच जातो. पिंडऱ्या पेटतात, वळणामागे आणखी एक वळण. पुण्यात सपाटीवर केलेला सराव तिथे फार कामी येत नाही, सिंहगडाचे चढच कामी येतात. धुकं, भुरभुर पाऊस, खाली ढगातून मधूनच दिसणारं सातारा आणि रस्त्याकडेला "चला, चला, आलंच!" म्हणणारे आजोबा. आलेलं काहीच नव्हतं, पण बरं वाटलं!

नवरा चढावर पुढे गेला. उतारावर मी त्याला गाठलं. उतारावर लोक सुसाट सुटतात आणि गुडघे मग आठवडाभर हिशोब मागतात, म्हणून मी छोटी पावलं टाकत होते. तो म्हणाला, "अगं, थांब ना जरा!" थांबले नाही.

मेडल गळ्यात घालूनच पेढ्यांच्या दुकानात गेलो. अर्धा किलो घरी न्यायला घेतले होते. खंबाटकी येईपर्यंत पाव किलो उरलेत.