आमची वाटचाल : न उघडणाऱ्या फायली

२००६ साली जळगावात आम्ही नवराबायकोने एक कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर घेऊन टायपिंगचं दुकान टाकलं. अर्ज, लग्नपत्रिका, कोर्टाचे कागद, कॉलेजचे प्रोजेक्ट. भारनियमनाचे दिवस. लाईट कधी जाईल नेम नाही, आणि मे महिन्याच्या उन्हात युपीएसची बॅटरी दोन मिनिटंही तग धरायची नाही. असंच एकदा एका वकीलसाहेबांचा ४० पानी दस्त सेव्ह होत असताना लाईट गेली. परत आल्यावर फाईल उघडेचना. बायकोने रात्रभर बसून ती ४० पानं पुन्हा टाईप केली. सकाळी तिची सुजलेली बोटं पाहिली, आणि फाईल बिघडते म्हणजे नेमकं काय होतं, हे शिकायचंच असं मी ठरवलं.

वर्ड २००७ पासूनची डॉक्स (.docx) फाईल ही खरं तर एक झिप पिशवी आहे, म्हणजे अनेक छोट्या फायली एकत्र बांधलेल्या. आत मजकूर वेगळा, चित्रं वेगळी, पानाची मांडणी वेगळी. कुठे काय ठेवलंय याची यादी मात्र पिशवीच्या अगदी तळाशी, शेवटी. कॉपी पूर्ण व्हायच्या आत पेन ड्राईव्ह उपसला की हे शेपूट तुटतं. यादी नाही म्हटल्यावर वर्ड हात वर करतं. पण मजकूर बहुधा पिशवीत आधी भरलेला असतो आणि चित्रं नंतर, म्हणून तो पुष्कळदा शाबूत असतो.

धुळ्याची एक मुलगी पीएच.डी.चा प्रबंध घेऊन आली, तेव्हा हेच झालं होतं. जमा करायला चार दिवस उरलेले. बोलतानाही तिचा हात पेन ड्राईव्हवरून निघत नव्हता. आधी फाईलची कॉपी केली. मूळ फाईलला आम्ही कधीच हात लावत नाही. वर्डमधलं ‘ओपन अँड रिपेअर’ चाललं नाही. मग झिप दुरुस्त करून आतल्या मजकुराच्या आणि तळटीपांच्या फायली बाहेर काढल्या. १८० पानांपैकी १७२ पानं तळटीपांसकट मिळाली. आलेख गेले, पण ते तिच्या एक्सेलमध्ये होते. ती खुर्चीवर बसून रडली आणि मग आईला फोन लावला.

सगळ्यांचं असं होत नाही. लाईट गेल्यावर कधी फाईलचा आकार बरोबर दिसतो, पण उघडून बघावं तर आत नुसती शून्यं. त्या फायलीतून काहीच निघत नाही. मग वर्डने आपोआप ठेवलेली ऑटो रिकव्हर प्रत, तात्पुरत्या (टेम्प) फायली, कुणाला मेलवर पाठवलेली जुनी प्रत, हे सगळं धुंडाळतो. नाहीच सापडलं तर तोंडावर ‘नाही’ सांगतो आणि पैसे घेत नाही. फाईल गेल्याचं कळल्यावर त्याच पेन ड्राईव्हवर काही नवं टाकू नका, एवढं मात्र प्रत्येकाला कळकळीने सांगतो. डिलीट झालेलं पुसलं जातं ते तिथेच.

सध्या अमळनेरकडचे एक निवृत्त गुरुजी दर गुरुवारी येतात. त्यांची फाईल उघडते, पण पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. “भाऊ, मन्ही मायना गाना शेतस यामा,” पहिल्या दिवशी अहिराणीत एवढंच म्हणाले. माझ्या आईची गाणी आहेत यात. ही फाईल बिघडलेली नाही. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधीच्या फॉन्टात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे. तो फॉन्ट नसला की हे असं दिसतं. कन्व्हर्टर लावून मजकूर युनिकोडमध्ये आणला, तर ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार जागा सोडून पडले. शब्द अहिराणी, त्यामुळे स्पेलचेकचा काही उपयोग नाही. मग गुरुजी चष्मा लावून शेजारी बसतात, एकेक ओवी आईच्या चालीत म्हणून दाखवतात, आणि बायको ऐकून ऐकून दुरुस्त करते. ६३ ओव्या झाल्यात. अजून २० बाकी आहेत.