सोमवारची पहिली शिफ्ट

डायलिसिस युनिटमध्ये सोमवारची पहिली शिफ्ट मी नेहमीच जरा धास्तीनं सुरू करते. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास, असं बहुतेकांचं वेळापत्रक असतं. म्हणजे एकदा तरी सलग दोन दिवसांची गॅप पडतेच. धडधाकट किडनी रात्रंदिवस जे काम करते ते त्या दोन दिवसांत कुणीच केलेलं नसतं. अंगात पाणी साठतं, पोटॅशियम चढतं, आणि पोटॅशियम फार चढलं की हृदयाचे ठोकेच बिघडतात.

त्या सोमवारी काकू आल्या त्या भिंतीला धरून. गणिताच्या निवृत्त शिक्षिका, एरवी वजनकाट्यावर स्वतःच चढून आकडा मोठ्यानं सांगणाऱ्या. "सिस्टर, आज पाय उचलतच नाहीत," एवढंच म्हणाल्या. मी त्यांना बेडवर घेऊन मॉनिटर लावला. हृदयाच्या आलेखात एरवी बुटक्या दिसणाऱ्या टी लाटा सुळक्यासारख्या उंच झाल्या होत्या. डॉक्टरांना हाक मारली, रक्त तपासायला गेलं, कॅल्शियमचं इंजेक्शन शिरेतून सुरू झालं. ते पोटॅशियम कमी करत नाही, फक्त हृदयाला थोडा वेळ सांभाळून धरतं. ते पूर्ण जायच्या आतच मॉनिटरवरच्या लाटा पसरट झाल्या आणि नाडी लागेना.

मी छाती दाबायला घेतली. खालच्या हाडांची करकर तळव्याला कळत होती. बाकीचं सगळं डॉक्टर आणि माझी सहकारी करत होते, मला आठवतोय तो फक्त माझाच आकडे मोजणारा आवाज. मग "थांब, नाडी आहे," असं कुणीतरी म्हणालं. रिपोर्टमध्ये पोटॅशियम ८ च्या वर होतं. लगेच मशीन जोडलं, आणि चार तास मी त्यांच्या बेडपासून हलले नाही.

अशा वेळी मला १९६० साल आठवतं. त्याआधीही डायलिसिस होतं, पण दर वेळी नवी रक्तवाहिनी खर्ची पडायची. त्यामुळं किडनी कायमची गेलेल्या माणसाला फार दिवस जगवता येत नसे. सिॲटलमध्ये स्क्रिब्नर या डॉक्टरांनी हाताच्या धमनीत आणि शिरेत कायम ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी बसवली. त्यांचा पहिला रुग्ण, क्लाइड शील्ड्स, पुढं अकरा वर्षं जगला. मशीन मात्र मोजकीच होती. कुणाला जगवायचं हे ठरवायला एक समिती बसायची, आणि तिच्यात वकील, धर्मगुरू, गृहिणी अशी साधी माणसं असायची. माझ्यासमोर रोज जी माणसं मशीनला जोडलेली असतात, त्यांच्यासारख्या कित्येकांना त्या काळी नकार मिळाला. म्हणून मला मशीनचा तो एकसुरी आवाज कधी कंटाळवाणा वाटत नाही.

शेजारच्या बेडवर एक तरुण होता. नुकताच डायलिसिसवर आलेला, सगळ्यांवर चिडलेला, "हे असलं जगणं नको" असं दर वेळी म्हणणारा. त्यानं सगळं पाहिलं होतं. दिवसाला कृतज्ञ राहा, असा उपदेश अशा मुलाला करणाऱ्या धडधाकट माणसांची मला चीड येते, त्यामुळं मी त्याला कधीच काही बोलले नव्हते. काकू दोन दिवस आयसीयूत राहिल्या, आणि पुढच्याच आठवड्यात त्यांच्या वेळेला पुन्हा त्याच्या शेजारी आल्या. तेव्हा त्यानंच विचारलं, "काकू, परत इथं यायची भीती नाही वाटत?"

"वाटते की. रात्री फार वाटते," काकू म्हणाल्या. बरगड्या दुखत असल्यानं त्या तुटक तुटक बोलत होत्या. "सकाळी डोळे उघडले की आधी हातावर बोटं ठेवते. थरथर लागली की म्हणते, चला, आजचा दिवस मिळाला. मग उठते. शिकवणीची पोरं यायची असतात."

"आणि ज्या दिवशी इथं यायचं असतं तो दिवस?"

"तोही मिळालेलाच की रे. इथं चार तासांत मी वह्या तपासते. तुला काय वाटलं, ही पिशवी कसली आहे?"

तो हसला नाही, काही बोललाही नाही. पण शिफ्ट संपल्यावर, सुया काढून मी जागा दाबून धरली होती तेव्हा, त्यानं विचारलं, "सिस्टर, ती थरथर कशी बघायची?" हे त्याला पहिल्या दिवशीच शिकवलं होतं, तेव्हा त्यानं मान फिरवली होती. मी पुन्हा शिकवलं. फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी हातात धमनी आणि शीर जोडलेली असते त्या जागेवर, तीन बोटं अलगद ठेवायची, दाबायचं नाही. धमनीचं रक्त जोरानं शिरेत शिरतं, ते बोटांना गुणगुणल्यासारखं लागतं. त्या हाताला बीपीचा पट्टा बांधू द्यायचा नाही, त्या हातावर झोपायचं नाही. आणि थरथर लागली नाही तर उद्यावर ढकलायचं नाही, तेव्हाच्या तेव्हा युनिटला फोन करायचा. त्यानं नंबर मोबाइलमध्ये घातला आणि मला परत वाचून दाखवला.