पांढऱ्या फेट्यातली मुलगी

रोमला तीनच दिवस होते आणि आईचा हट्ट एकच: बेआत्रिचे चेंचीचं चित्र बघायचं. कुठल्याशा जुन्या दिवाळी अंकात तिनं ते पाहिलं होतं.

ते असतं पालाझ्झो बार्बेरिनी या जुन्या वाड्यातल्या संग्रहालयात. मेट्रोच्या ए लाइनवर बार्बेरिनी स्टेशनला उतरा, पुढे थोडा चढ आहे. सोमवारी बंद. महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट, पण तेव्हा निवांतपणा विसरा. चित्रं अधूनमधून दुसऱ्या प्रदर्शनांना जातात, त्यामुळे एवढ्यासाठीच जाणार असाल तर आधी विचारून घ्या.

आम्ही उघडायच्या वेळेलाच पोचलो. राफाएलच्या 'फोर्नारिना'पुढे आणि काराव्हाज्जोच्या 'ज्युडिथ'पुढे माणसं होती. हिच्यापुढे कुणी नाही. चित्र जेमतेम दोन फूट उंचीचं. मागे काळोख, डोक्याला सैलसर गुंडाळलेलं पांढरं कापड, आणि खांद्यावरून मागे वळून बघणारी ती. डोळे नुकतंच रडून झाल्यासारखे.

बेआत्रिचेचा बाप फ्रांचेस्को क्रूर होता. १५९८ साली पेत्रेल्लाच्या गढीत त्याचा खून झाला. आरोप घरच्यांवरच आला, तिच्यावरही. खटला चालला, पोप क्लेमेंट आठवा बधला नाही, आणि ११ सप्टेंबर १५९९ला तिचा आणि सावत्र आईचा शिरच्छेद झाला. बेआत्रिचे २२ वर्षांची होती. शिरच्छेदाच्या आदल्या रात्री तुरुंगात जाऊन ग्वीदो रेनीनं हे चित्र काढलं, अशी दंतकथा. पण रेनी रोमला आला तोच १६०१च्या सुमारास! ही मुळात बेआत्रिचे नाहीच, फेटा बांधलेली एखादी भविष्यवेत्ती सिबिल असावी आणि चित्र बोलोन्याच्या जिनेव्रा कांतोफोली या चित्रकर्तीचं असावं, असं काही अभ्यासक म्हणतात.

हे सगळं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "असू दे. हिला काहीतरी झालंय खरं."

मग मी गप्प.

निघण्यापूर्वी पिएत्रो दा कोर्तोनानं रंगवलेलं मोठ्या दालनाचं छत बघाच. तिथे खुर्ची मिळाली तर सोडू नका, मान दुखते. वास्तुकार बोर्रोमिनीचा लंबगोल जिनाही चुकवू नका.

नंतर आम्ही पँथेऑन, पियाझ्झा नावोना करत व्हिया दी मोन्सेर्रातोवर गेलो. चालत साधारण अर्धा तास, आईसोबत पाऊण. ४२ नंबरच्या घरावर महापालिकेची संगमरवरी पाटी आहे: इथे कोर्ते सावेल्लाचा तुरुंग होता, इथूनच बेआत्रिचे वधस्तंभाकडे निघाली. पाटीवर तिला 'अन्यायी न्यायाचा' बळी म्हटलंय. नजर वर ठेवा, नाहीतर पाटी दिसतच नाही. आम्ही दोनदा पुढे गेलो.

तिथून तिच्याच वाटेनं पोन्ते सांत'आंजेलो या पुलाला, म्हणजे शिरच्छेदाच्या जागी, दहा-पंधरा मिनिटं लागतात. रस्ते दगडी आहेत, चपला नकोत, बूटच घाला. आणि बाटली सोबत ठेवा: रस्त्याकडेच्या नासोनी नळांचं पाणी गार आणि फुकट असतं. आईनं पुलापर्यंत तीनदा भरून घेतलं.