दुपारी घरात कोण असतं?

एसीशिवाय चालेल असं घर होतं का, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवीही उन्हाळा लागला की हे कुणी ना कुणी विचारतंच. लग्नात पंगतीला शेजारी बसलेले काका विचारतात, बँकेच्या रांगेतला अनोळखी माणूस विचारतो, "मॅडम, एसी लागणारच नाही असं घर करून द्याल का?" जळगावात घरांचे नकाशे करणारं आमचं तीन माणसांचं छोटं ऑफिस आहे. कमी विजेत थंड राहणारी घरं करतात, असं आमचं थोडंफार नाव झालंय, त्यामुळे हा प्रश्न ओघानेच येतो.

सरळ उत्तर द्यायचं तर, नाही. जिथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि भुसावळचं तापमान राज्यभर बातमी होतं, तिथे मी असा शब्द देत नाही. देणारे आहेत. एसी एका खोलीपुरता, दोन-तीन तासांवर आणता येतो, एवढं मात्र मी सांगते. आणि मग उलट विचारते, दुपारी दोन ते पाच घरात कोण असतं?

"कोणीच नसतं. मी दुकानात, मुलं क्लासला." मग जरा थांबून, "आई असते म्हणजे."

आमचा नकाशा या 'म्हणजे'पासून सुरू होतो.

हे शहाणपण मला कॉलेजात मिळालं नाही. सुरुवातीच्या वर्षांत तापीकाठच्या एका गावात एका केळी बागायतदाराचं घर केलं. रस्ता पश्चिमेला, त्यामुळे दर्शनी बाजूही पश्चिमेला. मुलाला पुण्यात पाहिलं तसं हवं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच करून बघायचं होतं. पंधरा फूट उंच काच लावली. वास्तुशांत डिसेंबरात झाली, सगळ्यांनी फोटो काढले. मे महिन्यात राहिलेलं बिल मागायला गेले, तर त्या काचेवर बाहेरून हिरवी शेडनेट ताणलेली. पपईच्या रोपांवरची होती तीच, खिळ्यांना सुतळीने बांधलेली. आजी त्यांच्या खोलीत नव्हत्या. मागे जुनं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर होतं, त्यात खताच्या थैल्या ठेवत. त्या थैल्यांना पाठ टेकून आजी बसल्या होत्या. म्हणाल्या, "माले मन्हं जुनं घरच बरं शे, माय." बिलाचं मी काढलंच नाही त्या दिवशी.

त्या खोलीत मीही अर्धा तास बसले. दोन फूट रुंदीच्या मातीच्या भिंती, वर सागाच्या तुळया, त्यावर कड्या, मग काटक्या-पाला, वर वीतभर माती आणि सगळ्यात वर खारी माती. दिवसभराचं ऊन एवढ्या मातीतून खाली झिरपेपर्यंत रात्र होते, आणि तोवर घरातली माणसं खाटा टाकून धाब्यावर झोपलेली असतात. आपला स्लॅब पाच इंचांचा. दुपारी तापलेला स्लॅब नेमका आपण अंथरूण घालतो तेव्हा खोलीत उष्णता सोडत असतो. आमच्याकडे तापमान मोजायची एक बंदूक आहे. मे महिन्यात संध्याकाळी सातला उघड्या स्लॅबखालून ती छतावर रोखली की ४४ दाखवते. पंखा मग तीच हवा डोक्यावर ओततो.

तरी धाब्याचं गुणगान मी करत नाही. ते गळतं, त्यात उंदीर होतात, दर पावसाळ्याआधी वर चढून खारी टाकावी लागते. ती टाकणारी माणसं आता कुठे आहेत? खिडक्या हातभर, आत अंधार. मातीचं घर बांधून द्या म्हणणाऱ्याला मी आधी विचारते, मेअखेर धाब्यावर कोण चढणार? बहुतेक वेळा बोलणं तिथेच संपतं.

पण आजींच्या त्या खोलीने एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली, की पैसा आधी छतावर घालायचा. जळगाव २१ अंश अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात भरदुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो, काठीची सावली पायात शिरते. म्हणजे ज्या महिन्यात सगळ्यात तापतं, त्या महिन्यात ऊन भिंतींपेक्षा छतच जास्त खातं. केंद्र सरकारची २०१८ ची इको निवास संहिता आहे, तिच्यात छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा दिली आहे. आपल्या नेहमीच्या उघड्या स्लॅबमधून त्याच्या दुपटीहून जास्त येते. उपाय काही जगावेगळा नाही. स्लॅबवर दोन इंची इन्सुलेशन शीट, त्यावर कोबा, वर पांढऱ्या चिनी मोझॅकचे तुकडे. पण बजेट ताणलं की पहिली कात्री यालाच लागते, कारण ते रस्त्यावरून दिसत नाही. दिसतं ते एलिव्हेशन, म्हणजे दर्शनी बाजू.

छतानंतर पश्चिम. दक्षिणेला लोक उगाच घाबरतात. तिथे दोन फुटांचा छज्जा काढला की उन्हाळ्याचं ऊन खिडकीला शिवत नाही, आणि डिसेंबरात सूर्य खाली उतरतो तेव्हा तेच कोवळं ऊन आत येतं. पश्चिमेला छज्जा कामाचा नाही. साडेचारचं ऊन त्याच्या खालून सरळ पलंगावर येतं. आणि पश्चिमेच्या कडेला, नैऋत्येला, वास्तुशास्त्राप्रमाणे कोण झोपतं? घरचा कर्ता आणि त्याची बायको. आख्ख्या घरात रात्री सगळ्यात तापलेली खोली आपण मानाने मालकाला देतो!

यावर मी वाद घालत नाही. पूर्वी घालायचे, त्यात दोन कामं गेली. आता मी त्यांचंच शास्त्र पुढे करते. नैऋत्य जड हवी ना? मग जिना तिकडे टाकू, वर पाण्याची टाकीही तिकडेच. कपाटं बाहेरच्या भिंतीला लावू, पलंग आतल्या. जिना तापला तर तापू दे, जिन्यात कोण झोपतंय. गुरुजी खूश, मीही.

त्या भिंतीची गंमत सांगायची राहिली. पश्चिमेला आम्ही दुहेरी भिंत बांधतो, मध्ये दोन इंच पोकळी. विटा भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या. आपल्याच विजेची राख, आपल्याच भिंतीत. पहिल्यांदा ही भिंत सांगितली तेव्हा मिस्तरींनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते, तर पोकळीत निम्म्यापर्यंत माल भरलेला. "मजबुतीला टाकला, मॅडम. रिकामी जागा कशाला ठेवता?" तीस वर्षं हातात थापी धरलेल्या माणसाला, इथे आपण मुद्दाम काहीच बांधत नाही, हे पटवायला मला दोन चहा लागले. आता तेच नव्या पोरांवर ओरडतात, पोकळीत माल पडला म्हणून.

कूलरचं थोडक्यात. आपला एप्रिल-मे कोरडा असतो, म्हणून कूलर इथे एसीच्या तोंडात मारतो. पण गार हवा जाऊ नये म्हणून लोक सगळ्या खिडक्या लावून घेतात, आणि तासाभरात अंग चिकट झालं की कूलरला शिव्या देतात. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, ओल बाहेर जाऊ द्या. जुलैत मात्र तो बंदच करा, हवाच ओली असते.

सोलरवरून मी थोडी अप्रिय आहे. २०२४ पासून सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, घ्यावंच. ऊन हे तर आपलं बारमाही पीक, साक्री तालुक्यात १२५ मेगावॉटचा प्रकल्प उगाच नाही उभा राहिला. पण "आता बिलच येत नाही, तर इन्सुलेशन कशाला?" असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. पॅनल दिवसा वीज देतात, घर भाजतं रात्री. साडेदहाला जो एसी लावता, तो कोळशावरच चालतो.

दर एप्रिलमध्ये आम्ही एक सार्वजनिक छत करतो, एखादी अंगणवाडी, नाहीतर अभ्यासिका. फी घेत नाही. त्यातून पुढे कामं मिळतात, तेही लपवत नाही. चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, त्यात थोडं फेव्हिकॉल, आणि ऊन उतरल्यावर दोन हात मारायचे. गावातली पोरं आणि बचत गटाच्या बाया एका संध्याकाळी छत पांढरं करतात. पावसात निम्मं धुऊन जातं, पुढच्या वर्षी पुन्हा. एका गावी मी पश्चिमेच्या व्हरांड्याला बांबूचे तट्टे सुचवले, तर सरपंच म्हणाले, गरिबाचं दिसेल. माझं माहेर फैजपूरकडचं. मी त्यांना सांगितलं, १९३६ ला आपल्या फैजपुरात काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा गांधीजींनी शांतिनिकेतनातून चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावून बांबूचीच सजावट करून घेतली होती. तट्टे लागले. ते अधिवेशन डिसेंबरात होतं, एवढं मात्र मी बोलले नाही.

आता सध्या कशात अडकले आहे ते सांगते. गेल्या वर्षी पाचोऱ्याकडे एक घर झालं, गच्ची अख्खी पांढरी मोझॅकची. खोल्या चांगल्या राहिल्या, बंदुकीवर आकडेही छान आले. यंदा एप्रिलात तिथल्या काकूंचा फोन, "मॅडम, गच्चीवर बिबडे, ज्वारीचे पापड हो, घालताना डोळे दिपतात. दहानंतर वर बघवत नाही. खालच्या अंगणात घातले तर कुत्री येतात." दोन ते पाच घरात कोण असतं ते मी विचारलं होतं. सकाळी आठ ते बारा गच्चीवर कोण असतं, ते मला सुचलंच नव्हतं.

"किती जागा लागते, काकू?"

"किती म्हणजे? एक जुनं नऊवारी पसरलं की झालं."

नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट, रुंदी चार धरू. सध्या नकाशावर असलेल्या नव्या घराच्या गच्चीवर तेवढा पट्टा आखून ठेवलाय, तिथे पांढरं नाही, करडी शहाबादी. फक्त तो पट्टा कुठल्याच झोपायच्या खोलीवर येता कामा नये. जिन्यावर घ्यावा तर तिथे टाकी आहे, आणि टाकीची सावली पडली की बिबडे वाळत नाहीत. तीन दिवस झाले, बसत नाहीये.