बोटीचा तळ : ब्लास्टिंगपासून रंगाच्या तिसऱ्या हातापर्यंत

मागच्या नोंदीत बोट उपडी करून ठेवली होती, तिथून पुढे. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात : 18 फुटी, सपाट तळाची लोखंडी बोट, तळाला 5 मिमी प्लेट, बाजूंना 4. कल्पना इंग्लंडच्या कालव्यांतल्या नॅरोबोटींवरून घेतली. तिकडे तळाला 10, बाजूंना 6 आणि केबिनला 4 मिमी असा हिशेब बऱ्याच बोटींना असतो. आपल्याला तेवढं वजन झेपणार नाही आणि गरजही नाही. पंचगंगेत बरगे (बंधाऱ्याच्या गाळ्यांत बसवायच्या फळ्या) घातल्यावर बंधाऱ्यामागे जे पाणी तुंबतं ते कालव्यासारखंच, गोडं आणि संथ. तेव्हा लोखंड कसं टिकवायचं हे त्या लोकांकडून शिकायला हरकत नाही.

त्यांचा जुना रिवाज म्हणजे डांबरी काळा रंग. दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढायची, धुवायची, खरवडायची, पुन्हा काळं फासायचं. स्वस्त आणि सोपं. पण आपल्या उन्हात काळी प्लेट एप्रिलमध्ये हात लावू देत नाही, पाण्याच्या वरचं डांबर मऊ पडतं, आणि डिझेल सांडलं की विरघळतं. शिवाय एकदा डांबर बसलं की त्यावर इपॉक्सी (दोन डबे मिसळून कडक होणारा रंग) चढत नाही, सगळं उतरवून मूळ लोखंडावर यावं लागतं. त्यामुळे निर्णय सुरुवातीलाच घ्यायचा. मी इपॉक्सी घेतला.

कोलटार इपॉक्सीचा, म्हणजे डांबर मिसळलेल्या इपॉक्सीचा, सल्ला बऱ्याच जणांनी दिला. माल चांगला आहे, पाइपलाइनला वर्षानुवर्षं चालत आलाय. पण त्यातलं डांबर वरच्या रंगातून डाग फोडतं, आणि कातडीला लागून ऊन बसलं की भाजल्यासारखी आग होते. घरच्या शेडमध्ये रोलर फिरवणाऱ्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत. साधा दोन डब्यांचा हाय-बिल्ड, म्हणजे जाड थर देणारा, इपॉक्सी पुरे.

आता मुख्य मुद्दा. माझं म्हणणं असं, की डब्यावर कमी खर्च झाला तरी चालेल, प्लेट साफ करण्यात काटकसर नको. नवी प्लेट निळसर-काळी दिसते ती मिल स्केलमुळे, म्हणजे कारखान्यात गरम लाटताना प्लेटवर बसलेल्या कडक पापुद्र्यामुळे. ती गंजाविरुद्ध ढाल वाटते, पण काम उलटं करते. पाण्यात स्केल आणि लोखंड यांची बॅटरी बनते, आणि स्केलला जिथे तडा असेल तिथलं उघडं लोखंड खाल्लं जातं, सरळ खड्डा पडतो. वायर ब्रशने ती निघत नाही, फक्त चकाकते.

ब्लास्टिंगसाठी, म्हणजे हवेच्या दाबाने कण मारून प्लेट साफ करण्यासाठी, कोल्हापूरजवळच्या शिरोलीकडे चौकशी केली. फाउंड्रीच्या गावात ब्लास्टिंगला तोटा नाही, पण कास्टिंगवाल्यांची सवय शॉटची. मिस्त्री म्हणाले, "साहेब, शॉट मारून एकदम गुळगुळीत करून देतो की!" तेच नको होतं. शॉट म्हणजे गोल गोळ्या, त्या पृष्ठभाग ठोकून साफ करतात. रंगाला पकडायला टोकदार खरवड लागते, ती ग्रिटने (धारदार कण) किंवा कॉपर स्लॅगने (तांब्याच्या भट्टीतल्या मळीचा चुरा) येते. शेवटी स्लॅग मारून घेतला. मागितलं होतं एसए अडीच या दर्जाची सफाई, म्हणजे स्केल-गंज सगळा गेलेला, फार तर पुसट सावल्या राहिलेल्या, आणि खरवड 50 ते 75 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). नदीची वाळू मारून देणारेही भेटतील. स्वस्त पडतं म्हणून हो म्हणू नका, त्या धुळीने सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही.

ब्लास्टिंगच्या आधी ग्राइंडर घेऊन सगळ्या कडा मारल्या होत्या, साधारण 2 मिमी गोलाई. कंटाळवाणं काम, पण धारदार कडेवरून ओला रंग मागे सरकतो आणि नेमका तिथेच थर पातळ राहतो. वेल्डिंगचे छर्रेही छिन्नीने उडवले. मग प्रायमरचा हात, ब्लास्टिंगच्याच दिवशी, लोखंडाचा राखाडी रंग बदलायच्या आत.

त्यानंतर रोलरला हात न लावता फक्त ब्रश. प्रत्येक वेल्डची रेघ, प्रत्येक कड, प्रत्येक कोपरा आधी ब्रशने दाबून भरायचा. वेल्डच्या बाजूला जी बारीक खाच राहते तिच्यावरून रोलर पूल बांधून जातो आणि खाली हवा अडकते. टॉर्च आडवी धरून पाहिलं तर पहिल्या फेरीत सुटलेल्या टाचणीएवढ्या जागा चमकतात. त्या पुन्हा भरल्या. सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला.

रोलरचा पहिला हात राखाडी, दुसरा काळा, तिसरा पुन्हा राखाडी. रंग बदलला की सुटलेली जागा लपत नाही. माझ्या मालात घन भाग 80 टक्के आहे, म्हणजे सुकून 125 मायक्रॉन हवे असतील तर ओला थर 155-160 लागतो. ओल्या थरात जाडी मोजायचा दातेरी कंगवा टेकवून मोजायचं, अंदाज चालत नाही. हिशेबाने लिटरला 6.4 चौरस मीटर बसतो, पण ब्लास्ट केलेली खरवड पहिल्या हाताला बराच माल पिते.

वेळेचं गणित मात्र कोल्हापूरचं वेगळं. प्लेट दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव धरतं) निदान 3 अंश गरम पाहिजे. जानेवारीत सकाळी हवा 16 अंश, आर्द्रता 85 टक्के असेल तर दवबिंदू साडेतेराच्या आसपास, आणि रात्रभर गारठलेली प्लेट त्याच्याही खाली. हात फिरवला तर ओला होतो. दुपारी 30 अंश आणि 35 टक्क्यांना दवबिंदू 13, मग काळजी नाही. म्हणून अकराला सुरुवात, तीनला बंद. संध्याकाळी ऊन गेलं की लोखंड हवेपेक्षा लवकर गार होतं आणि ताज्या इपॉक्सीवर चिकट, तेलकट साय धरते. ती दिसली तर आधी साध्या पाण्याने घासून धुवायची, मगच पुढचा हात. थिनरने पुसलं तर नुसती पसरते.

दुसरी अडचण उसाची. हंगामात शेजारच्या रानात पाचट पेटलं की काजळी उडत येते आणि ओल्या रंगावर बसते. शेडला तिन्ही बाजूंनी ताडपत्री लावली, आणि रंगाच्या दिवशी आधी वाऱ्याची दिशा बघायची सवय लागली.

राहिलंय ते असं. पाणरेषेच्या वर-खाली वीतभर पट्ट्यावर एक जादा हात, कारण हवा आणि पाणी जिथे भेटतात तिथे लोखंड सगळ्यात आधी जातं. मग अॅनोड, म्हणजे बोटीच्या लोखंडाऐवजी स्वतः झिजणारा धातूचा ठोकळा. समुद्रात जस्ताचे लावतात, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे. मॅग्नेशियमची कांडी गिझर दुरुस्तीच्या दुकानातही मिळते, पण बोटीला ती लहान पडेल, म्हणून वेल्डिंगची पट्टी असलेला ठोकळा शोधतोय. कुणाकडे पुण्या-मुंबईचा पत्ता असेल तर कळवा. आणि त्यावर चुकूनही रंग मारू नका, रंगवलेला अॅनोड काहीच करत नाही.

शेवटच्या हातानंतर आठवडाभर नुसतं ठेवायचं. सरळ करताना चेन पुलीची साखळी प्लेटला भिडू द्यायची नाही, रुंद बेल्ट आणि खाली जुनी टायर.