अमोनियम क्लोराईड घातलं आणि पेशी उजळली

पीएचडीचं दुसरं वर्ष होतं आणि सहा आठवडे मी एकाच जागी अडकले होते. माझं प्रोटीन व्हॅम्प-२, जेमतेम ११६ अमिनो अ‍ॅसिडचं, शेपटी पडद्यात रुतलेली आणि बाकी सगळं बाहेर सायटोप्लाझममध्ये. पेशीत ज्या इवल्याशा पिशव्या माल भरून कडेला नेतात आणि बाहेर ओततात त्यांच्या पडद्यावर हे बसतं. एवढे पडदे असताना ते नेमकं तिथेच कसं पोचतं हे मला अजूनही फार भारी वाटतं. १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या रेजिस केलींच्या लॅबने दाखवलं होतं की साखळीतलं ४६ नंबरचं अमिनो अ‍ॅसिड, मेथिओनिन, बदललं की ते पिशवीपर्यंत नीट जात नाही.

मला तेच पीसी-१२ म्हणजे उंदराच्या ट्यूमरपासून लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींमध्ये बघायचं होतं. फ्रीझरमधली जुनी प्लाझमिडची, म्हणजे प्रोटीन बनवायला पेशीत घालतात त्या गोल डीएनएची, ट्यूब मिळाली, वर मार्करने नुसतं 'व्हॅम्प-२ जीएफपी' लिहिलेलं (जीएफपी म्हणजे प्रोटीनला जोडलेला हिरवा चमकणारा टॅग), त्यातच मी म्युटेशन केलं. आणि दर वेळी तेच, म्युटंटच्या पेशींची कड हिरवीगार आणि नॉर्मलवाल्या जवळजवळ काळ्या. नवीन डीएनए काढला, पेशी बदलल्या, काही फरक नाही. प्रोटीन किती बनलंय ते दाखवणाऱ्या वेस्टर्न ब्लॉटवर मात्र दोन्ही पट्ट्या सारख्याच जाड, म्हणजे प्रोटीन बनत होतं आणि दिसत नव्हतं. त्या रात्री हॉस्टेलवर जाऊन रडले.

शनिवारी कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर बसले होते तेव्हा आमच्या लॅबची सीनियर ताई मागे येऊन उभी राहिली. "टॅग कुठल्या टोकाला लावलाय गं?"

"सी-टर्मिनलला, शेपटीच्या टोकाला."

"मग तो पिशवीच्या आत गेला ना, आत केवढं अ‍ॅसिड असतं. अमोनियम क्लोराईड घालून बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. ५० मिलीमोलरचं बनवलं आणि पिपेटने हळूच सोडलं. दोन-तीन सेकंद काहीच नाही, आणि मग त्या काळ्या पेशीत मोहरी तडतडावी तसे ठिपके पेटायला लागले, एक इथे, चार तिथे, बघता बघता सगळी पेशी भरली!! धुऊन टाकलं की परत काळोख, घातलं की परत उजेड. मी तीनदा केलं, हात थरथरत होता.

नंतर सीक्वेन्सिंगमध्ये कळलं की तो साधा जीएफपी नव्हताच, पीएच-फ्लुओरिन होता, १९९८ मध्ये रॉथमनच्या लॅबमधून आलेला. पिशवीच्या आत पीएच साडेपाचच्या आसपास, तिथे तो विझतो, पिशवी बाहेर उघडली की पेटतो. अमोनिया पडद्यातून आत शिरून अ‍ॅसिड मारतो म्हणून लपलेलं सगळं एकदम दिसलं. म्हणजे नॉर्मल प्रोटीन पहिल्या दिवसापासून अगदी योग्य जागी बसलेलं होतं.

म्युटंटवर घातलं तर कड होती तशीच आणि आत फारसं काही पेटलं नाही, म्हणजे ते पिशव्यांत फारसं पोचलंच नव्हतं. माझ्या गाइड मॅडमना तिथूनच फोन लावला, त्या मंडईत होत्या, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मायक्रोस्कोपचा स्लॉट वाढवून घे, आजच अजून वीस पेशी कर."